विश्रामबागेतला व्यायामगट : पोट तेवढंच आहे, फी चालू आहे

आधी पैशाचं सांगतो, कारण मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे आणि कुठल्याही गोष्टीची सुरुवात मला रकमेपासूनच सुचते. मानसिक आजाराच्या पेशंटांसाठीचा हा व्यायामगट, महिना बाराशे रुपये. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळी पावणेआठ ते पावणेनऊ. सोबत येणाऱ्या घरच्या एका माणसाला फी नाही, पण त्यानं बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचं नाही. आत येऊन हातपाय हलवायचे, ही अट. पावती मिळते, मागितली तर. आमच्या विम्यातून यातला एक रुपयाही परत येत नाही, विचारून झालंय.

जागा सांगलीच्या विश्रामबागेत, एका मंगल कार्यालयाचा मागचा लहान हॉल. चालवतात एक मानसोपचारतज्ज्ञ, मुख्यतः त्यांच्याच पेशंटांसाठी. दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर तेही चालतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. गटात पंधरा-सोळा माणसं, सांगली केवढीशी, आणि नाव छापलं की कुणीतरी रिकामा माणूस समोरच्या चहाच्या गाड्यावर उभा राहून आत कोण-कोण जातंय ते बघत बसायचा. ज्याला गरज आहे त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं, पत्ता मिळतो.

आम्ही जातो ते धाकट्या भावासाठी. चौतिशीतला आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा आजार सुरू झाला, स्किझोफ्रेनिया. आमच्याकडे अजून कुणाबद्दल वाकडं बोलायचं झालं तर 'रत्नागिरीला न्या त्याला' म्हणतात, मनोरुग्णालय तिथं आहे म्हणून. आमच्यावर ती वेळ आली नाही. ओलांझापिनची गोळी सुरू झाल्यावर माणूस जागेवर आला. रात्र-रात्र भिंतीशी बोलणारा भाऊ ताटावर बसून 'आमटीला मीठ कमी आहे' म्हणाला तेव्हा आई देवापुढं जाऊन उभी राहिली होती. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाला मी गोळीच्या विरुद्ध आहे असं वाटायला नको.

पण त्या गोळीची भूक भयंकर. रात्री अकराला उठून भाकरी शोधायचा, भडंगाचा डबा सकाळपर्यंत रिकामा. एका वर्षात चौदा किलो वाढला. साखर काठावर आली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यातली बरीचशी हृदयविकारासारख्या शरीराच्याच आजारांनी. हे वाचलं तेव्हा मी व्यायामाच्या मागं लागलो.

गावभागात राहणाऱ्याला तालमीचा तोटा नाही. पण तालमीतल्या विशीतल्या पोरांत हा थांबून थांबून बैठका मारणार, आणि ती पोरं बघणार. एका जिमला पैसे भरले. तिथल्या मालकानं आठवड्यातच सल्ला दिला, "ह्या गोळ्या सोड की लेका, प्रोटीन घे, डोकं आपोआप चालतंय." पैसे तसेच सोडून धाकट्याला घरी आणला. अशा माणसाचं शरीर कमावलेलं असतं म्हणून लोक त्याचं औषधाबद्दलचंही ऐकतात, आणि त्यातून घरं बसतात.

या गटात पहिल्या दिवशी डॉक्टर एकच वाक्य बोलले : "हे गोळीसोबत आहे, गोळीऐवजी नाही. ज्याला ऐवजी हवंय त्याला आमच्याकडं प्रवेश नाही." मला तिथंच निम्मी फी वसूल झाल्यासारखं वाटलं.

वर्ग घेतात एक फिजिओथेरपीच्या मॅडम. सुरुवातीला दारातच प्रत्येकाला तीन प्रश्न : झोप झाली का, पाणी प्यायलात का, गोळीत काही बदल झाला का. वरवर साधे प्रश्न. पण खरी कारागिरी यातच आहे, आणि बाहेरच्या कुठल्याही जिममध्ये ही मिळणार नाही. गटात दोघं-तिघं लिथियमवर आहेत, म्हणजे मनाचे टोकाचे चढ-उतार आवरणाऱ्या गोळीवर. घाम जास्त गेला आणि पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि ते वाढणं धोक्याचं. म्हणून मार्च लागला की मॅडम त्यांना मध्येच थांबवून पाणी प्यायला लावतात. 'पातळ होण्यासाठी मीठ सोडलंय' असं एकजण म्हणाला तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडं पाठवलं, कारण मीठ एकदम कमी केलं तरी तेच होतं. व्यायामानं अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन घेऊन खायची नाही, हेही त्यांना बजावलेलं. तीही लिथियम वाढवते. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या ओळखीत एक लिथियमवाले काका गुडघ्यासाठी ती रोज खात होते. त्यांना लगेच फोन केला.

दुसरं, नाडी मोजण्याचं. जिममध्ये मनगटावरच्या घड्याळात ठोके बघतात. इथं काहीजण घबराटीसाठी प्रोप्रानोलोल घेतात, त्या गोळीनं ठोके फारसे वाढत नाहीत, मग घड्याळ काय सांगणार? मॅडमची रीत वेगळी. चालता चालता शेजाऱ्याशी बोलायचं. वाक्य पुरं करता आलं पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम लागला की बरोबर. गाणं म्हणता येतंय तर वेग वाढवा, वाक्य तुटतंय तर कमी करा. आमचे एक बँकेतले निवृत्त गृहस्थ रोज 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणून बघतात. दुसऱ्या ओळीला अडकले की खूश.

फरशीवरून उठायचीही पद्धत आहे. आधी कुशीवर, मग बसायचं, थोडं थांबायचं, मग उभं राहायचं. यातल्या बऱ्याच औषधांनी एकदम उठलं की रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. वेळ पावणेआठची आहे तीही औषधांच्याच विचारानं. पूर्वी म्हणे साडेसहाची बॅच होती आणि तिला निम्मी माणसं पेंगत यायची, रात्रीच्या गोळीची गुंगी उतरलेली नसायची. आपल्याकडं व्यायाम म्हटलं की पहाटेचाच, अशी एक समजूत आहे. ती इथं मोडली, हे फार चांगलं केलं.

घबराटीचे झटके येणाऱ्या एक ताई आहेत. त्यांना पायरीवर चढ-उतार करायला लावतात, छाती धडधडायला लागली की मॅडम शेजारी उभ्या राहतात आणि पळून जाऊ देत नाहीत. झटक्यात जे होतं तेच शरीरात होत असतं, धडधड, धाप, घाम. पण इथं ते आपण ओढवून आणलेलं असतं आणि थोड्या वेळानं आपोआप ओसरतं. पहिल्या आठवड्यात त्या रडल्या होत्या. आता स्वतःच पायरी ओढून मधोमध ठेवतात. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणं बरं नव्हे.

आता शनिवार. शनिवारी लेझीम.

शाळेतून निवृत्त झालेले एक पीटीचे सर येतात, हलगी घेऊन. लेझिमा शाळांच्या जुन्याच, दांडे घासून गुळगुळीत झालेले, एकदोनांच्या चकत्या गळालेल्या. पहिल्या शनिवारी मला वाटलं, हे काय, गणपतीची मिरवणूक आहे का? पण सांगली जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या हातात लेझीम दिली की काय होतं ते बघायला पाहिजे. माझा भाऊ, ज्याला सोमवारी 'डावा पाय पुढं' दोनदा सांगावं लागतं, त्याला 'चार आवाज' म्हटल्यावर काहीच सांगावं लागलं नाही. गुडघे वाकले, लेझीम खाली गेली, वर आली. मग 'आठ आवाज', मग 'दोन रुख'. 'आगे फलांग'ला सरांनी जड अंगाच्यांना उडी नको, नुसतं मोठं पाऊल टाका म्हणून सांगितलेलं असतं. धाकटा उडी मारतो. चौऱ्याण्णव किलोचा माणूस, हॉलची फरशी दणकते, आणि सर हलगीवरून हात न काढता ओरडतात, "ए, फरशी कार्यालयवाल्याची हाय!"

पंधरा मिनिटांत घामानं सगळे निथळतात. सोमवार-बुधवारच्या पायऱ्या आणि बैठकांत जो दम लागतो त्यापेक्षा लेझमीत जास्त लागतो, आणि गंमत म्हणजे कुणी थांबत नाही. ठेका चालू असताना मध्येच थांबायला लाज वाटते. कुणी चुकलं तर चकत्यांचा आवाज मागं पडतो, सगळ्यांना कळतं. सर थांबवत नाहीत, पुढच्या चार ठोक्यांत तो माणूस आपोआप येऊन मिळतो. या आजारात आवाज येणं, संशय घेणं हे गोळीनं बरंच आटोक्यात येतं, पण माणूस पडून राहतो, कशात मन नाही, कुणाशी बोलणं नाही, त्यावर गोळीचा फारसा जोर चालत नाही. आमच्या घरात सगळ्यात जड गेलं ते हेच. आईला आवाजांपेक्षा पलंगाचा जास्त राग.

धाकट्याला मी एकदा विचारलं, लेझीम खेळताना आवाज येतात का? म्हणाला, "येत असतील की दादा, पण मोजायचं असतंय. लक्ष कुणाचं हाय?"

मी आकड्यांचा माणूस, म्हणून नुसत्या समाधानावर फी भरत नाही. या विषयावर जे सापडलं ते वाचलं, काही डॉक्टरांनी काढून दिलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं १९९९ मध्ये पन्नाशीपुढच्या १५६ डिप्रेशनच्या रुग्णांचे तीन भाग केले : एकाला गटानं व्यायाम, एकाला सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही जवळपास एकाच ठिकाणी आले, मात्र गोळीवाल्यांना आराम लवकर पडला. २००७ मध्ये त्यांनी २०२ जणांवर पुन्हा बघितलं. आजारातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण गटात देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत ४५ टक्के, घरी आपापला करणाऱ्यांत ४०, गोळी घेणाऱ्यांत ४७, आणि नुसती खोटी, आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३१. आमच्या गटातल्या एकांनी हे ४५ आणि ४० बघून 'बघा, गटाची ताकद' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. दोनशे माणसांचे चार भाग म्हणजे एकेका भागात पन्नासेक. त्यात पाच टक्के म्हणजे दोन-तीन माणसं झाली. त्यावर ताकद सिद्ध होत नाही. उलट खोट्या गोळीनंही जवळजवळ तिसरा हिस्सा बरा झाला, हे मला जास्त विचार करायला लावणारं वाटलं. २०१३ मध्ये वैद्यकीय चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं ३९ चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा व्यायामाचा डिप्रेशनवर मध्यम परिणाम दिसला, पण फक्त काटेकोर चाचण्या घेतल्या तर तो लहान झाला.

हे सगळं डिप्रेशनचं. माझ्या भावाच्या आजाराचं खातं वेगळं. त्यात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००७ साली ६१ रुग्णांवर केलेलं काम आहे : गोळ्या चालू ठेवून निम्म्यांना योग, निम्म्यांना साधा व्यायाम, चार महिने. योगवाल्यांची लक्षणं जास्त कमी झाली. हे मी मॅडमना दाखवलं, तेव्हापासून बुधवारी शेवटची वीस मिनिटं आसनं असतात. (त्या आधीपासून विचार करत होत्या म्हणे. असेल.) आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अनेक चाचण्यांची बेरीज करून दाखवलं की आठवड्याला साधारण ९० मिनिटं दम लागेल असा व्यायाम झाला तर या आजाराची लक्षणं कमी होतात. आमचा तीन दिवसांचा वर्ग, त्यात अंग मोकळं करणं, पाणी, गप्पा वजा केल्या तर खरा दम लागण्याचा वेळ रोजचा अर्धा तास. तीन अर्धे तास, नव्वद मिनिटं. हिशेब जुळला.

पण त्याच कागदात एक ओळ आहे, ती या गटाच्या माहितीपत्रकात नाही आणि असायला हवी : उंची-वजनाच्या प्रमाणात व्यायामानं दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. म्हणजे ज्या पोटासाठी मी भावाला इथं आणलं, ते पोट कमी होण्याची हमी संशोधनातच नाही. आमचाही अनुभव तसाच. वर्ष होत आलं, वजन तीन किलो उतरलं, बस्स. साखर मात्र सुधारली. पण मध्येच डॉक्टरांनी साखरेची गोळी मेटफॉर्मिन सुरू केली आणि रात्रीचं भडंग आईनं कुलपात ठेवलं. एकाच तारखेला तीन ठिकाणांहून जमा आली आणि चलनावर नाव नाही, तर ती कुणाच्या खात्यावर घालायची? मी व्यायामाच्या खात्यावर घालत नाही.

व्यायामाच्या खात्यावर जे घालतो ते असं. जिना चढताना धाप लागत नाही. दुपारची झोप कमी झाली. गावभागातून विश्रामबागेला तो आता वडापनं एकटा जातो, मी यार्डात उतरतो आणि तो पुढं. सोमवार-बुधवार मला हजर राहावं लागत नाही. वर्गानंतर गाड्यावर सगळे चहा पितात, तिथं त्याला कुपवाडचा एक मित्र मिळालाय. हा एक दिवस नाही गेला की त्याचा फोन येतो. एवढ्या वर्षांत भावाला औषधाच्या दुकानाशिवाय कुणाचा फोन आला नव्हता. आणि कालनिर्णय बघायला लागलाय, ज्याला आज कुठला वार हेही विचारावं लागायचं तो. कारण लग्नतिथी.

तर इथून तक्रारींना सुरुवात होते. कार्यालय हे कार्यालयच आहे. तिथी असली की मागच्या हॉलमध्ये आचाऱ्याची भांडी. आदल्या रात्री नऊला निरोप येतो, 'उद्या आमराईत'. आमराई चांगली आहे, झाडं आहेत, सावली आहे, पण तिथं अख्खी सांगली फिरायला येते, आणि ओळखीचं कुणी दिसलं की आमच्या निम्म्या माणसांचे पाय तिथंच थांबतात. त्या दिवशी फक्त चालणं होतं, तेही दोघं-दोघं, लांब-लांब. एप्रिल-मे महिन्यात हे फारच वेळा होतं. धाकट्यानं सगळ्या तिथ्यांवर लाल गोल करून मॅडमना यादी दिली, की निदान आधी तरी ठरवा. मॅडमनी ती भिंतीवर लावली. निरोप मात्र अजूनही रात्री नऊलाच येतो.

पावसाळ्यात आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की, म्हणजे इशारा पातळी, गावभागातल्या आम्हा लोकांचं लक्ष घरातलं सामान वर चढवण्यात. विश्रामबागेत पाणी येत नाही, त्यामुळं वर्ग चालू राहतो आणि आमची फी बुडते. पुराच्या दिवसांची फी पुढच्या महिन्यात धरावी असं मी लेखी दिलंय. उत्तर आलेलं नाही. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसाला ही मागणी जास्त वाटायला नको.

सगळ्यात मोठी तक्रार फोटोची. योगदिनाला मदतनीस मुलानं वर्गाचा फोटो काढून स्वतःच्या स्टेटसला टाकला. चेहरे स्वच्छ दिसत होते. एका मुलीच्या घरी त्याच आठवड्यात पाहुणे येणार होते. तिच्या आईनं दारात येऊन जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही, पण शब्द न् शब्द बरोबर होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात पेशंटच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे, ही काही मेहेरबानी नाही. डॉक्टरांनी माफी मागितली, आता फोन दारातल्या टोपलीत जातात. पण ती मुलगी पुन्हा आली नाही.

स्वच्छतागृह एकच, बायकांना अडचणीचं. सतरंज्या धुतलेल्या आठवत नाहीत, आपली घेऊन जा.

कुणी जावं? ज्याची गोळी बसली आहे, डॉक्टर हो म्हणतात आणि घरातून बाहेर पडणं हाच ज्याचा आजार होऊन बसलाय, त्यानं जावं. ज्याचा आजार आत्ता उफाळलेला आहे त्याला मॅडम स्वतःच परत पाठवतात. आधी डॉक्टर, मग लेझीम. रात्री-अपरात्री घरात प्रसंग ओढवला तर हा गट कामाचा नाही, त्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि वजन उतरवायला म्हणून जाणार असाल तर बाराशे रुपये वाचवा, जेवणाचं आधी बघा.

माझ्याकडून पाचात चार. एक कापला तो फोटोचा.

संध्याकाळच्या बॅचचं मी मागं लागलोय, कारण नोकरीवाल्यांना पावणेआठ जमत नाही आणि मिरजेकडून येणाऱ्यांना तर नाहीच. डॉक्टर म्हणतात सहा नावं आणा, साडेसहाची सुरू करतो. चार झाली आहेत. लेझमीचे सर संध्याकाळी मोकळेच असतात, त्यांना विचारून ठेवलंय.